उसन्याचा नकाशा : सोलापुरातले सहा दिवस

रविवार

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांच्या नावाची ही गाडी. डब्यात मात्र ‘हुतात्मा आज लेट आहे का’ एवढंच तिच्याबद्दल बोललं जातं.

दौंड मागे पडल्यावर लॅपटॉप उघडला. चौसष्ट स्लाइड. अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटांच्या ताई आणि ग्रामपंचायत सदस्य अशा तीस जणींना ‘भुकेवर गावाने मिळून काय करायचं’ हे शिकवायचं होतं. सोमवारी शहरात वर्ग, मग दोन दिवस मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात सराव आणि एक दिवस विडी कामगारांच्या वस्तीत.

समोरच्या बाकावरचे काका सोलापूरचेच होते. स्क्रीनवरचा ‘भूक’ हा शब्द त्यांनी वाचला.

“सोलापुरात भूक? अहो, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात. शेतात कामाला माणूस मिळत नाही आणि तुम्ही भूक शोधायला निघालाय.”

मी वाद घातला नाही. त्यांनी डबा उघडून शेंगापोळी पुढे केली, मी दोन खाल्ल्या. शेंगापोळी खाताना माणसाला वाद घालता येत नाही, घशात अडकते. कुर्डुवाडीला चहा झाला. सोलापुरात उतरले तेव्हा फेब्रुवारी संपायचा होता, तरी रात्रीसुद्धा हवेत ऊब होती.

सोमवार

सभागृहात पंखे तीन, चालणारा एक. माझ्या स्लाइड सुरू झाल्या. २०१५ मध्ये जगातल्या देशांनी २०३० पर्यंत भूक संपवायचं ठरवलं, इथून सुरुवात. मग २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे : महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची, २५.६ टक्के उंचीच्या मानाने वाळलेली. हे आकडे मी गेली काही वर्षं इतक्या ठिकाणी म्हटलेत की आता ते पाढ्यासारखे तोंडातून येतात. तीच गडबड असावी. सत्ताविसाव्या स्लाइडला मागच्या रांगेतली एक सेविका उठून उभी राहिली.

“म्याडम, राग मानू नका. हे सगळं आमी दर म्हयन्याला मोबाइलात भरतोय की. वजन भरतो, उंची भरतो, लाल-पिवळं भरतो. भरल्यावर पुढं काय करायचं, ते हाय का ह्याच्यात?”

त्याच्यात नव्हतं. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या स्लाइडवर एक गोल आकृती होती, चार बाण असलेली. मी लॅपटॉप मिटला.

मग दंडाच्या पट्ट्या वाटल्या. लहान मुलाच्या डाव्या दंडाचा घेर मोजायची ही पट्टी सेविकांच्या पिशवीत असतेच, पण आशा आणि पंचायतीतल्या बायकांनी ती कधी हातात घेतली नव्हती. आधी मुलाचा हात कोपरात वाकवायचा, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे खूण करायची, मग हात सैल सोडायला लावून पट्टी गुंडाळायची. कातडीला टेकली पाहिजे, पण रुतली नाही पाहिजे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळं, वर हिरवं. एका पंचायत सदस्य मावशींनी टॉवेलाची गुंडाळी करून तिचा ‘दंड’ मोजला आणि “हिरवा हाय, गुबगुबीत हाय!” म्हणून ओरडल्या. पुढचा अर्धा तास मजेत गेला.

दुपारी सहज विचारलं, तुमच्या घरी भुकेला काय म्हणतात? सोलापुरात हा प्रश्न विचारायला मजा येते, कारण उत्तरं चार भाषांत येतात. अक्कलकोटकडच्या दोघी म्हणाल्या, हसिवु. पद्मशाली घरातली एक जण म्हणाली, आकलि. एक म्हणाली, भूख. मराठी बोलणाऱ्यांनी मात्र ‘भूक’ म्हटलंच नाही. ‘वढाताण’, ‘फाका पडला’, ‘अर्ध्या भाकरीवर निभावलं’, ‘चहावर काढलं’. भूक म्हणजे लेकराला शाळेतून आल्यावर लागते ती. दुसरीला लोक तिच्या नावाने हाक मारत नाहीत. हे मी वहीत लिहिलं, पण त्याचा अर्थ मला मंगळवारी कळला.

मंगळवार

सकाळी जीपने निघालो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आता इतका रुंद झालाय की बेगमपूरचा भीमेवरचा पूल कधी मागे गेला कळलं नाही. पुढे माचणूर. इथे ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी कित्येक वर्षं पडून होती. चालकाला त्यात रस नव्हता, त्याला माचणूरच्या भज्यांत होता. थांबलो.

मंगळवेढ्याजवळ दोन्ही बाजूंनी ज्वारी. काळी, खोल, भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर डोक्याच्या वर गेलेली मालदांडी. परतीच्या पावसाची ओल ही जमीन धरून ठेवते आणि त्या ओलीवर, थंडीवर आणि दवावर पीक उभं राहतं. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता काढणी चालू होती. ज्वारी इथे मुळासकट उपटतात. बायका कमरेत वाकून दोन्ही हातांनी ताट ओढत होत्या, आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ऐन सुगीत प्रशिक्षण ठेवायचा शहाणपणा माझाच. मार्चअखेरचं बजेट, दुसरं काय.

गावात दामाजीपंतांच्या देवळात पाच मिनिटं गेलो. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे : बिदरच्या बादशहाचा मंगळवेढ्याचा कारभारी, दुष्काळ पडल्यावर सरकारी धान्याची कोठारं लोकांना मोकळी करणारा, आणि बादशहाचे पैसे भरायला विठू महाराच्या रूपाने गेलेला विठोबा. कालची ती मागच्या रांगेतली सेविका माझ्याबरोबर होती. बाहेर येताना चप्पल घालत म्हणाली, “आता आमी वाटलं तर पैसे भरायला इठोबा येत न्हाई. ऑडिट येतंय.”

सरावाचं गाव तालुक्याच्या दक्षिण भागातलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. या भागातल्या ३५ गावांचा पाणीप्रश्न दर निवडणुकीत गाजतो. नदीकाठ आणि कालव्याचा पट्टा सोडला की इथे एका पावसावर सगळं, आणि तो हुकला की कोयता घेऊन ऊसतोडीला.

समाजमंदिरात पोचल्यावर पहिलं काम मी केलं ते फ्लेक्स लावण्याचं. पुण्यात छापलेला, आठ बाय चार. ‘चला, भूकमुक्त गाव घडवूया!’ बाजूला डोळ्यांत पाणी आलेल्या मुलाचा फोटो. सरपंचताई आल्या, वाचला, मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “म्याडम, हे काढता का? सुगीचे पाव्हणे येत्यात. पोरींची लग्नं ठरायची हायेत. गाव उपाशी हाय म्हणून बोर्ड लावल्यावर कोण पोरगी देईल, कोण करील?”

फ्लेक्स उतरवला. गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवली. माझ्या बावीस वर्षांच्या कामात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बायका आल्या तीस-पस्तीस, त्याही काढणीवरून परस्पर. पुरुष पाच, दाराशी उभे. वर्षाचं चित्र काढू या म्हटलं. माझ्याकडे जानेवारी ते डिसेंबर छापलेला तक्ता होता, तो कुणी हातात धरला नाही. एका मावशींनी रांगोळीने जमिनीवर बारा चौकोन ओढले आणि चैत्रापासून सुरुवात केली. घरातल्या धान्याच्या मानाने प्रत्येक महिन्यात ज्वारीचे दाणे ठेवायचे. फाल्गुन-चैत्रात ओंजळ ओतली. वैशाखात मूठ. ज्येष्ठात बी-बियाणं, शाळेची पुस्तकं, मुठीतली निम्मी गेली. आषाढात मोजून सात. श्रावणात एकीने दोन दाणे ठेवले. दुसरीने वाकून त्यातला एक उचलला.

“रेशन येतंय की,” दारातून एक भाऊ म्हणाला.

“येतंय. गहू-तांदूळ येतोय. तू भाताव राहतो का दिवसभर?”

हा मुद्दा मला फार वर्षं खुपतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची सोय लिहिलेली होती, गहू दोन आणि तांदूळ तीन. जानेवारी २०२३ पासून तर धान्य फुकट झालं, माणशी महिना पाच किलो. पण ज्वारीच्या राजधानीतल्या बायका पिशवी घेऊन उभ्या असतात त्या गव्हा-तांदळाच्या रांगेत. असो. तो लढा वेगळा.

मी विचारलं, श्रावणात कुणाच्या घरात कमी पडतं? सगळ्या गप्प. मग एकसुरात, “आमच्या गावात कुणी उपाशी न्हाई.” हे उत्तर मला प्रत्येक गावात मिळतं. पुस्तकांत यासाठी युक्त्या दिलेल्या आहेत, लोकांनाच आपल्या गावाचं चित्र काढायला लावायची पद्धत मांडणाऱ्या रॉबर्ट चेंबर्स यांच्यापासून पुढे सगळ्यांनी लिहिल्यात : गटाला श्रीमंती-गरिबीची उतरंड लावायला सांगा, चिठ्ठ्या टाका. दोन युक्त्या करून पाहिल्या. नाही हलल्या.

तेवढ्यात लाईट आली. समाजमंदिरातला बल्ब पेटला आणि निम्म्या बायका एकदम उठल्या. गिरणी सुरू झाली होती. आता नाही दळलं तर रात्री भाकरी नाही. मी हताश होऊन चटईवर बसले. मागे राहिलेल्या दोघी आपसात बोलत होत्या. एक म्हणाली, तुझं परवाचं दोन वाट्या पीठ द्यायचं राहिलंय, आज दळून आणते. दुसरी म्हणाली, मला नको, मी तिकडून आणलंय, तू तिलाच दे.

गिरणीवरून बायका परतल्या. डोक्यावर डबे, पापण्यांवर पीठ. मी एवढंच विचारलं, “शेवटचं उसनं पीठ कुणी कुणाकडून आणलं?”

हसू फुटलं. याला लाज नव्हती. उसनं सगळेच आणतात. रांगोळीने घरं काढली, एकशे दहा उंबरे, वस्तीवरचे धरून. मग गेरूने रेघा : देणाऱ्या घरापासून घेणाऱ्या घरापर्यंत. पीठ, चहापत्ती, तेलाचं पाव, रॉकेलच्या काळापासूनच्या आठवणीसुद्धा निघाल्या. कोण भांडं काठोकाठ देतं आणि परत घेताना शिगेचं मागतं, तेही निघालं. दोन घरांपासून इतक्या रेघा की नुसता गेरू झाला. एक घर दुकानदाराचं असेल असं मला वाटलं होतं, ते निघालं दोन एकर कोरडवाहू असलेल्या एका विधवा मावशींचं. त्या खाली मान घालून बसल्या होत्या.

अर्ध्या तासाने माझ्याबरोबरची सेविका नकाशाभोवती फिरत एका ठिकाणी थांबली. “ह्या घराला रेघ न्हाई.”

गलका थांबला.

“त्या म्हातारीचं हाय ते.”

“ती कुणाकडं मागत न्हाई.”

“मागंल कशी? फेडणार कशानं?” हे बोलणारीने पदर तोंडाला लावला, बोलून गेलं म्हणून.

दुसरंही एक घर निघालं, मग वस्तीवरची तीन. पाच घरं बिनरेघेची. मी तोवर समजत होते की जे घर सारखं उसनं आणतं ते अडचणीतलं. उलट होतं. उसनं मिळतं तोवर घर गावात असतं. फेडता येणार नाही हे दोन्हीकडून ठरलं की रेघ पुसली जाते, आणि त्या घराबद्दल गाव मग खरोखरच मनापासून सांगतं, कुणी उपाशी नाही. कारण मागायला कुणी आलेलंच नसतं.

जेवण मंगळवेढ्याहून मागवलं होतं, पुरी-भाजी आणि गुलाबजाम. ताटातल्या दोन-दोन पुऱ्या पदराआड गेलेल्या मी पाहिल्या. उद्या मागवायचं नाही, इथेच करायचं, असं ठरवून झोपले.

बुधवार

सकाळी सेविकेबरोबर आजींकडे गेले. फोन पिशवीतच ठेवला. पत्र्याचं घर, सारवलेलं लख्ख. चुलीशेजारी पालथा तवा. आजी पासष्टच्या आसपास असतील, आम्हाला बघून आधी पोत्यावरची चादर झटकली.

मुलगा-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. मुकादमाकडून एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या कामाची, उचल आगाऊ घेतलेली, ती फिटेपर्यंत येणं नाही. इथे आजी आणि दोन नातवंडं, पोरगा आठ वर्षांचा, पोरगी चार. पोरगा शाळेतली खिचडी डब्यात घेऊन येतो. बाई बघून न बघितल्यासारखं करतात.

सेविकेने पोरीचा हात हातात घेतला, गप्पा मारत मारत खूण केली, पट्टी गुंडाळली. १२.१. पिवळं. गेल्या महिन्यात १२.४ होतं, असं ती मला नंतर रस्त्यात म्हणाली. तिथे म्हणाली नाही.

रेशन? आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्डाची झेरॉक्स काढली. मूळ कार्ड मुलाकडे. “दुकानात गेले की यंत्र म्हनतंय, उचल झाली.” एक देश एक रेशन कार्ड आल्यापासून मुलगा तिकडे अंगठा लावतो आणि पाचही जणांचं पंचवीस किलो तिकडे उचललं जातं. त्याचीही चूक नाही, फडावर दोघांना खायला लागतंच आणि उरलेलं विकून पोराला चार पैसे पाठवत असेल. पण कार्डावरचं धान्य थोडं तिकडे, थोडं गावात, असंही उचलता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुकादमाची उचल आणि रेशनची उचल, एकाच शब्दाने या घराला दोन्हीकडून धरलं होतं.

मी निघता निघता विचारलं, आजी, शेजारी मागत का नाही?

आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग बहात्तरच्या दुष्काळावर गेल्या. तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, तिची भाकरी थापताना मोडायची, तव्यावर तुकड्यातुकड्यानं टाकायची. “पर त्या वक्ताला समद्यांनाच नव्हतं. पाटलाची सून माझ्या शेजारी बसून खडी फोडायची. तव्हा मागायची लाज नव्हती बाई. आता समद्यांकडं हाय, म्हणून लाज.”

त्या दुष्काळातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मी हे सगळं शिकवते. खडीवर शेजारी कोण बसलं होतं, हे माझ्या एकाही स्लाइडमध्ये नाही.

दुपारी समाजमंदिराच्या मागे चूल मांडली. ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं माडगं, वर कच्चा कांदा. पुरी-भाजीपेक्षा कितीतरी लवकर संपलं. दारात उभे राहणारे पुरुष आज आत येऊन बसले, अर्थात वासामुळे.

मग बैठक. पहिला तास नुसता रेशनवर गेला. गावाची दक्षता समिती असते, दुकानावर नजर ठेवायला, हे मी सांगितलं. ग्रामपंचायतीतून यादी मागवली. वाचायला सुरुवात केली तर चौथं नाव समोर बसलेल्या एका ताईंचं.

“मी? मला कुणी सांगितलं?”

“सही हाय की तुमची.”

“ती बचत गटाची म्हणून केलती!” हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. पण त्या ताई हसल्या नाहीत. त्यांनी यादीचा कागद मागून घेतला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि उद्या दुकानात जाते म्हणाल्या. मुलाला फोन करून कार्डाचं काय करायचं ते समजावणं, आणि आजींचं कार्ड वेगळं होऊन अंत्योदयात, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या रेशन योजनेत, बसतं का ते तहसीलला विचारणं, ही दोन कामं सेविकेने घेतली. अंत्योदयात घराला ३५ किलो मिळतं.

दुसरा मुद्दा धान्याचा. कल्पना माझी नव्हे, त्या बिनकौतुकाच्या विधवा मावशींची. सुगीत घरटी एक शेर ज्वारी काढून ठेवू, आषाढात लागेल त्याला देऊ. लगेच भांडण सुरू झालं. मी मधे पडायला गेले, तर सेविकेने माझा हात दाबला.

परत करायची का? करायची. किती? “जेवढी नेली तेवढीच. वाढी-दिढी न्हाई,” एक म्हातारे बाबा म्हणाले. सावकाराकडून एक पायली आणून दीड पायली फेडलेली माणसं अजून गावात आहेत. ज्याला फेडता आली नाही त्याचं काय? तिथे पाऊण तास गेला आणि उत्तर निघालं नाही. पुढच्या बैठकीत.

ठेवायची कुठे? पूर्वी पेव असायचं, बाबा म्हणाले. जमिनीत खोल, तोंड बारीक, आत कडब्याचं अस्तर. उघडल्यावर दिवसभर तसंच सोडायचं, मग आधी दोरीनं कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. आत कोंडलेल्या हवेने माणसं गेलेली. आता पेव कुणी काढत नाही. मारुतीच्या देवळात ठेवू, असं एक जण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्तीवरच्या एक ताई, दोन दिवसांत पहिल्यांदाच, बोलल्या.

“देवळात आमी पायरीवर किती वेळ उभं राहायचं, ते बी ठरवा.”

कुणी वर बघेना. मंगळवेढ्यातच वेशीच्या भिंतीखाली चोखोबा गाडले गेले, आणि सातशे वर्षांनी आम्ही एक शेर ज्वारी कुठे ठेवायची यावर अडलो होतो. शेवटी सरपंचताई म्हणाल्या, हितंच समाजमंदिरात, कोठी मी देते, किल्ल्या दोन, एक वस्तीवर. देवळाचं सुचवणाऱ्या भावाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उठून गेला.

कुणाला द्यायची, यावर माझा आग्रह होता की अर्ज-बिर्ज नको आणि बैठकीत नावं वाचणं तर अजिबात नको. सेविका आणि त्या मावशी मिळून ठरवतील. मागायला लावलं तर ती पाच घरं येणारच नाहीत.

वही काढली. तेवढ्यात दारात आजी. पदरात काहीतरी बांधलेलं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, पण गावात बातमी चालत येते. काढणी झालेल्या रानातून पडलेली कणसं वेचून, म्हणजे सरवा वेचून, झोडपून आणलेली ज्वारी होती ती.

“मापा,” आजी म्हणाल्या.

“आजी, तुमी कशापायी... तुमच्यासाठीच...” एक पोरगी बोलायला गेली आणि तिला तिच्या सासूने कोपराने ढोसलं.

“मापा म्हन्ते न्हवं.”

मापलं. शेर भरला नाही, मापटं, म्हणजे अर्धा शेर, भरलं. काहींचं म्हणणं घेऊ नये, पाप लागेल. काहींचं म्हणणं, नाही घेतलं तर ती आषाढात आपलं घेणार नाही. खूप वेळ दोन्ही बाजू हळू आवाजात, आजी ऐकत असतानाच. आजी पदर झटकून दारातच बसून राहिल्या. अखेर वहीत पहिली ओळ त्यांची लिहिली गेली. शब्दांत. ‘एक मापटं.’

गुरुवार

शहरात परत. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची १० हजार घरांची वसाहत आहे, तिथे दिवस गेला. खरं तर इथे शिकवायला काही नव्हतं, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं. या बायका घरासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेल्या.

एका घरात बसून विड्या वळताना पाहिलं. मांडीवर सूप. ओलसर तेंदूपान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गिरकी, दोरा, तोंड दुमडलं. मोजायच्या आत तीन झाल्या. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं मला दाखवली. टोकांवर रेषाच नाहीत, गुळगुळीत, नाण्यासारखी. रेशन दुकानातलं यंत्र हा अंगठा ओळखत नाही. तीनदा लावायचा, हात धुऊन लावायचा, मधलं बोट लावायचं, शेवटी ‘उद्या या’. उद्या म्हणजे आणखी पाचशे विड्यांची मजुरी बुडाली.

त्यांचा उपाय साधा होता. गल्लीतल्या ज्यांचे अंगठे उमटत नाहीत, अशा दहा-बारा जणी एकाच दिवशी, एकाच वेळी जातात. एकटीला ‘उद्या या’ म्हणता येतं, बारा जणींना म्हणता येत नाही. दुकानदार मग बुबुळ ओळखणारं यंत्र काढतो, जे तोवर खोक्यात असतं.

“हे प्रशिक्षण कुणी दिलं?” मी विचारलं.

“युनियननं. पण अंगठ्याचं नव्हतं दिलं. मोर्च्याचं दिलं होतं,” त्या मराठीत म्हणाल्या आणि मग शेजारणीला तेलुगूत काहीतरी. दोघी हसल्या. माझ्याबद्दल असणार.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी जरा बसले. पाय दुखत होते. बाकी काही नाही.

शुक्रवार

सकाळची हुतात्मा. पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीची दोन पाकिटं. केम गेल्यावर सेविकेचा फोन आला. रेंज येत-जात होती.

मुलगा फोनवर आधी भडकला, आई तक्रारी करते म्हणून. मग ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात दोघांचंच धान्य तिकडे उचलतो म्हणाला. बघू. दक्षता समितीच्या ताई दुकानात गेल्या होत्या. दुकानदाराने चहा पाजला आणि विचारलं, तुम्ही कोण? त्यांनी ब्लाउजमधून कागद काढून दाखवला. देवळाचं म्हणणारा भाऊ अजून बोलत नाही, पण त्याच्या आईने त्याच्या नकळत शेरभर आणून दिलीय. फ्लेक्सचं काय करायचं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, फेकून दे.

“फेकू कशाला? उलटा अंथरून वर ज्वारी वाळवायला टाकलीय. चांगला जाड हाय.”

“किती झाली?”

ती वही उघडल्याचा आवाज आला.

“एक्केचाळीस शेर,” ती म्हणाली, “आनि एक मापटं.”